पंख्यातल्या अक्षता

अहमदपूरच्या मोंढ्यामागं, म्हणजे धान्याच्या बाजारामागं, आमचं मंडपाचं गोदाम आहे. त्या गोदामाच्या एका कोपऱ्यात बसून मी पंचवीसेक वर्षं लोकांचे आवाज रेकॉर्ड केले. भोंगा लावलेली रिक्षा 'आपल्या शहरात प्रथमच' असं ओरडत तुमच्या दारावरून गेली असेल, तर त्या ओरडण्यामागं बहुतेक मीच होते. दुपारची झोप मोडली म्हणून तुम्ही जी शिवी दिलीत, ती मला पोचली असं समजा.

धंदा मूळचा आमच्या ह्यांचा. मंडप, गाद्या, भांडी आणि साऊंड. रिक्षावर वाजवायच्या जाहिराती आधी लातूरहून करून आणाव्या लागत. त्यात दोन दिवस जायचे. एकदा मी म्हणाले, "त्यात काय एवढं, आपणच करू." हे वाक्य मी आयुष्यात दोनदा बोलले आहे. पहिल्या वेळी घरात म्हैस आली होती, ती तीन महिने कुणालाच जवळ येऊ देत नव्हती. दुसऱ्या वेळी कॉम्प्युटर आला.

रेकॉर्डिंगची खोली मी स्वतः उभी केली आणि तिचा मला फार गर्व होता. मंडपाचे चार लोखंडी पाइप रोवले, तिन्ही बाजूंनी लग्नाच्या गाद्या लटकवल्या, वरून सतरंजी टाकली आणि चौथ्या बाजूला कनातीचा पडदा सोडला. गादीत आवाज मुरतो, भिंतीवर आपटून परत येत नाही. एवढं शास्त्र मला कळलं होतं. कळलं नव्हतं ते हे, की गाद्या भाड्याच्या होत्या. लग्नसराई सुरू झाली की माझ्या भिंती वऱ्हाडात निघून जायच्या. वैशाखातल्या माझ्या जाहिराती ऐकल्या तर माणूस विहिरीत पडून ओरडतोय असं वाटायचं. भिंती परत यायच्या तेव्हा त्यांना वरणाचा वास असायचा.

लोकांना वाटतं, या कामात वैरी म्हणजे हॉर्न, कुत्री आणि वाजंत्री. त्यांच्याशी माझं कधी वाकडं नव्हतं. कुत्रं भुंकून दमतं, वरात पुढं जाते. न दमणारा वैरी एकच, कॉम्प्युटरच्या पोटातला पंखा. यंत्र तापू नये म्हणून आत बारके बारके पंखे बसवलेले असतात. ऊन वाढलं की ते जोरात फिरतात, आणि आमच्याकडं ऊन कधी कमी असतं? माणसाच्या कानाला ती घरघर पाच मिनिटांनी ऐकूच येत नाही. कान सोयीस्कर असतो. माइक शेजारणीसारखा असतो, आपण जे विसरलो तेच नेमकं त्याच्या लक्षात राहतं.

तेव्हा मी चाळिशीची होते आणि स्वतःला भलतीच हुशार समजत होते. लेकरू किरकिर करायला लागलं की आपण काय करतो? पांघरूण घालून थोपटतो. मी तेच केलं. आईनं शिवलेली जाड वाकळ घेतली आणि कॉम्प्युटरचा डबा नीट गुंडाळला, बाळंतिणीला गुंडाळावं तसा. काय शांतता पसरली म्हणून सांगू! मी ह्यांना बोलावून दाखवलं. मी म्हणाले, "बघा, एवढं सोपं होतं." त्या दिवशी पंचायतीच्या निवडणुकीतला एक उमेदवार भाषण रेकॉर्ड करायला आला होता. तो वीस मिनिटं तल्लीन होऊन बोलला, आणि भाषण संपायच्या आत पडदा काळा झाला. वाकळ उचलली तर आतून इडलीच्या भांड्यातून यावी तशी वाफ आली. यंत्र गुदमरून पडलं होतं आणि भाषण गेलं होतं.

मी त्याला म्हणाले, "दादा, पुन्हा एकदा बोलता का?"

तो घाम पुसत म्हणाला, "बाई, आता कसं बोलू? मघाशी काय काय कबूल केलं ते आठवूलालं न्हाई की!"

गावाचं त्यात काही नुकसान झालं असं मला वाटत नाही.

त्याच सुमारास एका भजनी मंडळाचे बुवा यायचे. पेटी घेऊन यायचे, डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, "ताई, तुमच्याकडं तंबोरा लई गोड हाय." माझ्याकडं तंबोरा नव्हता. ते पंख्याच्या सुरात सूर लावून गात होते. मीही मोठ्या मनानं त्यांची समजूत तशीच राहू दिली. पण दुपार चढली तसा पंखा चढला, पंख्याबरोबर बुवा चढले, आणि तिसऱ्या अभंगाला बुवांच्या गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या ताठल्या. शेवटी पेटी बाजूला सारून म्हणाले, "आज तंबोऱ्याला कुणीतरी पिळूलालं बगा."

पुढं मी एक युक्ती शिकले. कुणी बोलायच्या आधी दहा सेकंद रिकामी खोली रेकॉर्ड करायची. मग ती घरघर मशीनला दाखवून सांगायचं, हा चोर, एवढा तेवढा काढून टाक. मशीन काढतं. पण जास्त काढायला सांगितलं तर चोराबरोबर घरमालकालाही ओढून नेतं, आणि माणूस पाण्याच्या टाकीत बसून बोलल्यासारखा येतो. आमची गिऱ्हाइकं साधी. साडीच्या सेलची जाहिरात टाकीतून आली काय आणि रस्त्यावरून आली काय, भोंग्यातून सगळं सारखंच. म्हणून माझं निभावलं, आणि निभावतंय म्हणून मी शिकायची थांबले. या कामातला माझा सगळ्यात मोठा दोष हाच.

आता व्यंकटभाऊंबद्दल सांगते, कारण पंख्याशी खरी गाठ त्यांच्यामुळं पडली.

व्यंकटभाऊ लोह्याकडचे. घरची चार एकर जमीन, पण पोट भरायचं ते आवाजावर. माझ्या निम्म्या जाहिरातींचा आवाज त्यांचा, आणि लग्नाच्या दिवसांत आमच्या मंडपाबरोबर माइकवर तेच. आमच्या भागात लग्नात पावण्यांचा मान करतात. एकेकाचं नाव माइकवरून पुकारायचं, त्यानं स्टेजवर यायचं, आणि वधूपित्यानं टॉवेल-टोपी द्यायची, कुणाला फेटा बांधायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण नाव राहिलं, चुकलं किंवा धाकट्याचं थोरल्याच्या आधी आलं, तर तो पावणा जेवत नाही, आणि पुढं दहा वर्षं ते कुणाला विसरूही देत नाही. व्यंकटभाऊंच्या तोंडून कधी नाव राहिलं नाही. परक्याच्या लग्नातसुद्धा असे पुकारायचे की नाव ज्याचं त्याला आपण दोन इंच उंच झालो असं वाटावं.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. दसरा होऊन चार दिवस झाले होते. शनिवारी सकाळी व्यंकटभाऊ आणि त्यांची मुलगी अश्विनी गोदामात आले. भाऊंनी नेहमीसारखं लांबूनच "वैनी, च्या टाका" असं म्हटलं नाही. जवळ येऊन बसले. मग बोलले तर ज्वारी पाखडताना सुपाचा येतो तसा आवाज. नुसती खरखर, मधूनच एखादा शब्द.

अश्विनीनं सांगितलं. गळ्यात गाठ होती. लातूरच्या डॉक्टरांनी सोमवारी भरती व्हायला सांगितलं होतं. आवाजाची पेटीच काढावी लागणार, जीव वाचेल पण बोलणं कायमचं जाईल. आणि तिचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलेलं.

"मी मनलं काकू, लग्न पुढं ढकला," ती म्हणाली. "तर बाबा ऐकूलालेच न्हाईत."

भाऊंनी हात हलवून तिला गप्प केलं आणि खिशातून घडी घातलेले कागद काढले. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी नावं लिहिली होती. त्यांच्या पोरीच्या लग्नात ज्यांचा ज्यांचा मान करायचा ती सगळी. दीडशेच्या वर असतील.

"लोकांच्या पोरींच्या लग्नात जलमभर नावं घेतली वैनी," ते खरखरले. "माझ्या पोरीच्या लग्नात दुसऱ्यानं घ्यायची? उद्यापोस्तर धरून घ्या. परवापून मी मुका."

मी आधी त्यांना म्हटलं, "भाऊ, तुमचा आधीचा खणखणीत आवाज असेल की माझ्याकडं, त्यातून काही जुळवते." आणि मशीन उघडून बसले. वीस वर्षांच्या जाहिराती. बसले खरी, पण त्यात व्यंकटभाऊ नव्हते. जाहिरात संपली, रिक्षा फिरून आली, की जागा व्हावी म्हणून मी पुसून टाकत आले होते. शोधून शोधून एक मिळाली, कपाशीवरच्या औषधाची, अर्ध्या मिनिटाची, खाली पंख्याची घरघर. मला त्या क्षणी जमिनीनं गिळावं असं वाटलं. मी लोकांचे आवाज धरून ठेवते असं गावभर सांगत फिरत होते, आणि धरून काहीच ठेवलं नव्हतं. ते आजही सलतं.

भाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, "जाऊ द्या. हाय तो घ्या."

घ्यायला बसलो. आवाज बारीक, म्हणून माइकचा जोर वाढवला. जोर वाढवला तशी पंख्याची घरघरही वाढली, आणि त्या वर्षी ती नुसती घरघर नव्हती. घर्रर्र टक, घर्रर्र टक टक. मी म्हटलं असू दे, आपली युक्ती आहे. रिकामी खोली मशीनला दाखवली आणि म्हटलं, चोर काढ. मशीननं चोर काढला, आणि त्याच्याबरोबर व्यंकटभाऊंनाही काढलं. कारण त्यांचा आवाज आता तसाच झाला होता, नुसती हवा आणि खरखर. अश्विनी म्हणाली, "माझ्या मोबाईलवर बघू." नवे मोबाईल आणखी शहाणे. ते गोंगाट न विचारताच काढतात. वाजवून बघितलं तर 'श्री' एवढंच ऐकू आलं आणि पुढं सगळी शांतता.

भाऊ हसले. हसण्यातही खरखरच. म्हणाले, "बगा वैनी, मशीन बी मनूलालं, तू माणूस न्हाईस, पंखा हाईस."

अश्विनी उठून बाहेर गेली. ती रडायला गेली हे आम्हा दोघांनाही कळलं.

आता युक्त्या संपल्या होत्या. पंखाच गप्प करायला हवा होता आणि हातात दीड दिवस होता. मी ह्यांना हाक मारली आणि नेहमीचं गाऱ्हाणं सुरू केलं. "मोंढ्यात सोयाबीन आलंय, त्याची धूळ बसलीय. दर वर्षी दसरा झाला की हे असंच होतं. मागच्या वर्षी मी शिलाई मशीनचं तेलसुद्धा सोडलं होतं जाळीतून, तरी..."

हे म्हणाले, "तेल? तू पंख्यात तेल सोडलंस?"

"मग? दार वाजायला लागलं तर सोडत नाही का बिजागरीत?"

भाऊंनी हातानं आम्हाला थांबवलं. ते उठले, डब्याशी उकिडवे बसले आणि कान लावला. वीस वर्षं भोंग्यांच्या संगतीत राहिलेला तो कान. मग डब्याच्या डोक्यावर तळहात ठेवला, जिथं हवा जायला जाळी असते तिथं. "हितं," ते म्हणाले. "हितं कायतरी खेळूलालंय. घुंगरावानी."

ह्यांनी स्क्रू काढले, पत्रा सरकवला. आम्ही तिघं आत वाकून बघायला लागलो.

आत, पंख्याच्या चौकटीत, पिवळ्या अक्षता होत्या. मूठभर नव्हत्या, पण दहा-पंधरा तरी होत्या. पात्यानं ढकलल्या की उडायच्या, पुन्हा खाली यायच्या, टक टक. खाली झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, आपट्याच्या पानाचा चुरा, आणि यंत्राच्या ज्या भागातून उष्णता बाहेर पडायची त्यावर हळदकुंकू, धूळ आणि शिलाई मशीनचं तेल यांचा असा लेप, की देवीला लावावा.

"हे कुणी केलं?" ह्यांनी विचारलं. घरात आम्ही दोघंच.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारांची पूजा असते. शेतकरी नांगराची करतो, मोंढ्यातले तराजूची. माझं हत्यार म्हणजे कॉम्प्युटर. मी दर वर्षी त्याला पुसून, वर हळदकुंकू वाहून, फुलं ठेवून, मूठभर अक्षता टाकून नमस्कार करत होते आणि म्हणत होते, "बाबा, यंदा तरी शांत राहा." तो डबा घेताना दुकानदार म्हणाला होता, वरून जाळी आहे, हवा खेळती राहते. हवा खेळत होती आणि अक्षताही खेळत होत्या. मागत होते ती शांतता मी माझ्याच हातानं बुजवत होते. वर दिवाळीपर्यंत मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांना शिव्या. एका आडत्याशी तर मी रस्त्यात उभी राहून भांडले होते, की तुमच्या पोत्यांमुळं माझा धंदा बसला. तो बिचारा दोन दिवस आमच्या दारासमोर पाणी शिंपडत होता.

व्यंकटभाऊंनी एक अक्षत चिमटीत धरून बघितली. म्हणाले, "वैनी, यंत्राचं लगीन लावलंत काय?"

त्यावर बाहेरून आलेली अश्विनीसुद्धा हसली. मी नाही हसले. म्हणजे तेव्हा नाही हसले.

ह्यांनी ब्रशनं, कापसानं आणि शेवटी माझ्या भुवया कोरायच्या चिमट्यानं तासभर आतून सगळं काढलं. यंत्र सुरू केलं. टक टक गेली, घरघर अर्ध्यावर आली. पण अर्धीसुद्धा त्या बारीक आवाजाला जड होती. मी म्हणाले, "यंत्रच दुसऱ्या खोलीत पाहिजे. भिंतीपलीकडं स्वैपाकघर आहे. भिंतीला एक भोक..."

हे मी दहा वर्षं म्हणत होते. आणि दहा वर्षं हे सांगत होते, "वडलांनी बांधलेली भिंत हाय, तिला हात लावायचा न्हाई." त्या दिवशी काही बोलले नाहीत. छिन्नी-हातोडा घेऊन आले आणि वडिलांच्या भिंतीला स्वतःच्या हातानं भोक पाडलं. बोटभर पुरे होतं, त्यांनी मनगटाएवढं पाडलं.

रविवारी मोंढा बंद असतो. सकाळी सातलाच दोघं लोह्याहून आले. यंत्र माझ्या ओट्यावर, पाण्याच्या माठाशेजारी. माइकची वायर भोकातून गोदामात, आणि भोकात उरलेल्या जागेत उशी कोंबलेली. अडचण एकच, मी इकडं आणि भाऊ तिकडं, दिसायचं नाही. म्हणून वायरीबरोबर मंडपाची सुतळी सोडली. एक टोक माझ्या हातात, दुसरं अश्विनीच्या. मी ओढली की तिनं बाबांच्या गुडघ्याला हात लावायचा, की बाबांनी एक नाव घ्यायचं. एका नावाची एक वेगळी फाईल, म्हणजे लग्नात पावणे ज्या क्रमानं येतील त्या क्रमानं वाजवता येईल.

कानाला हेडफोन लावला. आधी रिकामी खोली ऐकली. काही नव्हतं. वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या खोलीत काहीही नव्हतं. अश्विनीच्या बांगड्यांचा आवाज आला आणि मग तिनं त्या काढून ठेवल्याचाही आला.

सुतळी ओढली.

"श्री. गोविंदराव कदम," भाऊंचा आवाज आला. फाटका, पण पूर्ण. 'कदम'मधल्या शेवटच्या 'म'चे मिटलेले ओठसुद्धा ऐकू आले. "आपण मंचावर यावं. वधूपित्याकडून..."

थांबले. मला वाटलं खोकला येतोय. मी वाट बघितली.

मग अश्विनी अगदी हळू म्हणाली, "बाबा, वधूपिता तुमीच की."

"हाव की," ते म्हणाले. आणि पुन्हा सुरुवात केली. "श्री. गोविंदराव कदम. आपण मंचावर यावं. माझ्याकडून टॉवेल-टोपीचा मान घ्यावा."

माझ्याकडून. दीडशे वेळा. मध्ये मध्ये कोमट पाणी, मध्ये मध्ये विश्रांती. दुपारी एकपर्यंत आम्ही शेवटच्या नावापर्यंत आलो तेव्हा आवाज जवळजवळ संपला होता. शेवटचं नाव झाल्यावर मी सुतळी ओढली नाही, तरी ते बोलले. माइकसमोरच विचारलं, "झालं का वैनी? आलं का समदं?"

मी भिंतीला तोंड लावून भोकातून ओरडले, "आलं, भाऊ. सगळं आलं."

ऑपरेशन नीट झालं. जीव वाचला. गळ्याशी श्वासाला भोक ठेवलं होतं, त्यावर ते पांढरा रुमाल बांधत. खिशात एक वही आणि पेन, बोलणं त्यात.

लग्न लोह्याला एका मंगल कार्यालयात झालं. मंडप आमचा, म्हणजे माझ्या भिंतीही तिथंच होत्या, वऱ्हाडी लोळत होते त्यांच्यावर. मी स्टेजच्या मागं टेबलावर मागून आणलेले दोन लॅपटॉप घेऊन बसले, एक बिघडला तर दुसरा; समोर दीडशे नावांची यादी. अक्षता पडल्या, मानपान सुरू झाला. मी बटण दाबलं आणि लाऊडस्पीकरवर भाऊंचा आवाज आला. स्टेजवर भाऊ स्वतः ओठ मिटून, दोन्ही हातात टॉवेल-टोपी घेऊन उभे.

घरच्यांना माहीत होतं. दूरच्या पावण्यांना नव्हतं. पहिल्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "व्यंकटचा आवाज लई बसलाय गं."

शेजारीण म्हणाली, "पोरीच्या लग्नात बापाचा बसतोच की माय. आमच्या ह्यांचा महिनाभर उठला नव्हता."

मी तोंडावर पदर धरला. एवढा वेळ भीती होती की लोक काय म्हणतील, यंत्रातून नावं घेतो म्हणतील. कुणाला कळलंच नाही. सगळ्या लग्नात बाप घोगराच असतो.

पन्नासेक नावं झाली आणि अश्विनीची आई टेबलाशी धावत आली. तोंड पांढरं पडलेलं. "वैनी, घोळ झाला. नवरदेवाच्या आत्याचे मालक आलेत, मुदखेडचे. येत न्हाईत मनून निरोप होता, मनून यादीत न्हाईत. त्यांच्या घरचे थोरले जावई हाईत, त्यांचा मान ऱ्हायला तर वरात बी निघायची न्हाई."

"नाव काय?"

"नामदेवराव कदम."

आमच्या ह्यांनी माइक उचलला, "मी पुकारतो." मी त्यांचा हात धरला. बाकी सगळ्यांना नवरीच्या बापानं बोलवायचं आणि थोरल्या जावयाला मंडपवाल्यानं? तो तर उघडउघड अपमान झाला असता.

"तुम्ही पुढची पाच नावं वाजवा," मी ह्यांना सांगितलं आणि दुसरा लॅपटॉप ओढला. मुदखेडचे एक गंगाधरराव यादीत होते, त्यांच्या फाईलीतून 'मुदखेडचे' घेतलं. एक नामदेवराव पवार होते, त्यांचं 'श्री. नामदेवराव' घेतलं. आणि गोविंदरावांकडून 'कदम' आणि पुढचं सगळं. जोडलं. हेडफोनवर ऐकलं. पुन्हा एकदा ऐकलं. त्या नावांखाली पंख्याची घरघर असती तर प्रत्येक सांध्याला हिसका बसला असता, दोन रंगाच्या ठिगळासारखा. खाली घरघर नव्हतीच. शांतता शांततेला जोडली गेली आणि सांधा कुठंच दिसला नाही.

पाचवं नाव झालं. मी बटण दाबलं.

"मुदखेडचे श्री. नामदेवराव कदम. आपण मंचावर यावं. माझ्याकडून टॉवेल-टोपीचा मान घ्यावा."

मधल्या रांगेतून एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस उठला. कुरकुरत बसलेला होता, आता सदरा खाली ओढत, इकडंतिकडं बघत, सावकाश स्टेजवर आला. भाऊंनी त्याला टोपी घातली, टॉवेल दिला, पाया पडले. तो गदगदून भाऊंना म्हणाला, "व्यंकटराव, एवढ्या गर्दीत बी नाव ध्यानात ठेवलंत."

भाऊंनी मान डोलावली. मग तो उतरल्यावर सावकाश वळून माझ्याकडं बघितलं. वही काढली, काहीतरी लिहिलं आणि पुढचा पावणा येईपर्यंत टेबलाशी येऊन माझ्यापुढं धरलं.

'वैनी, हे नाव मी कवा घेतलं?'

मी म्हणाले, "आत्ताच की भाऊ. सगळ्यांनी ऐकलं."